साहेब, लाभार्थी मोजता तसं ताटात उरलेलंही मोजा

मा. शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन, आणि या विभागाच्या फाईलवर 'निधी उपलब्ध नाही' असा शेरा मारणारे वित्त विभागातले जे कोणी साहेब किंवा मॅडम असतील ते,

नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे, पालक म्हणून. पहिली ते सातवी, पट 92. मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. समितीत कशी आले तर कायद्यानं निम्म्या बायका लागतात आणि आमच्या गल्लीत मीटिंगला जाऊन बसू शकेल अशी, म्हणजे जिचं शिलाई मशीन घरातच आहे अशी, मीच सापडले. दोन वर्षं झाली. समितीत माझं काम एकच, चव घ्यायची. पोरांना वाढायच्या आधी शिक्षकांनी आणि जमलं तर एखाद्या पालकानं खाऊन बघायचं आणि चव रजिस्टरला सही करायची. कुणाला हे नाटक वाटत असेल तर वाटू दे, 2013 च्या जुलैत बिहारमधल्या गंडामन गावात शाळेतलं जेवण खाऊन 23 मुलं गेली, तेलात कीटकनाशक होतं. म्हणून मी तरी ते रजिस्टर हसण्यावारी नेत नाही.

तर दोन वर्षं मी आठवड्यातनं तीनदा तरी तुमच्या शालेय पोषण आहार योजनेची खिचडी खातेय, म्हणून मला बोलायचा हक्क आहे असं समजून लिहितेय.

पहिलं पैशाचं बोलू, कारण जिथं जाईन तिथं हेच ऐकायला मिळतं. मागच्या महिन्यात पुण्याला लग्नाला गेले होते तर एक नातेवाईक म्हणाले, अगं सगळं फुकट वाटून ठेवलंय म्हणून तर देशाची ही अवस्था, आणि हे बोलताना हातात जिलबीची दुसरी प्लेट. मी घरी येऊन हिशोब घातला. 2021 मध्ये केंद्रानं योजनेचं नाव बदलून पीएम पोषण केलं तेव्हा 2021-22 ते 2025-26 या 5 वर्षांसाठी खर्च जाहीर केला होता, केंद्राचे 54 हजार 61 कोटी, राज्यांचे 31 हजार 733 कोटी आणि वर धान्यासाठी केंद्राचे साधारण 45 हजार कोटी. सगळं मिळून 1 लाख 30 हजार कोटींच्या वर. आकडा ऐकून डोळे फिरतात, माझेपण फिरले. पण मुलं किती, तर 11 कोटी 80 लाख. भागाकार करा, एका मुलामागं वर्षाला 2200 रुपये आणि थोडे. शाळा साधारण 220 दिवस धरली तर दिवसाला 10 रुपये. यात तांदूळ आला, डाळ आली, तेल आलं, गॅस आला, शिजवणाऱ्या बाईचं मानधन आलं, धान्य वाहून आणायचं भाडं आलं, सगळं आलं. 10 रुपयात आमच्या स्टँडवर आता फुल चहासुद्धा येत नाही, कटिंग येतो.

आणि त्या 10 रुपयातलं प्रत्यक्ष साहित्याला किती ते बघा. तांदूळ केंद्राकडनं फुकट येतो, तो सोडून डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि जळण यासाठी 1 मे 2025 पासूनचा दर आहे, पाचवीपर्यंतच्या मुलाला 6 रुपये 78 पैसे आणि सहावी ते आठवीला 10 रुपये 17 पैसे. आणि नियम काय सांगतो, लहान मुलाच्या ताटात 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल, म्हणजे 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन. आता माझ्याबरोबर आठवडी बाजारात या. तूरडाळ 120 रुपये किलो धरली, स्वस्तातली, तर 20 ग्रॅमचे 2 रुपये 40 पैसे. तेल 150 धरलं तर 75 पैसे. भाजी सरासरी 40 रुपये किलो धरली (टोमॅटो रुसला की हा आकडा सोडून द्यायचा) तर 2 रुपये. झाले 5 रुपये 15 पैसे. उरलेल्या 1 रुपया 63 पैशात गॅस, मोहरी, हळद, तिखट, मीठ, आणि भांडी घासायचा साबण. मी घर चालवते, काटकसर मला कुणी शिकवू नये, पण 1 रुपया 63 पैशात गॅस पेटवून फोडणी घालायची विद्या मला अजून आलेली नाही.

म्हणून पोषण आहाराचा बोजा हा शब्द जपून वापरा एवढीच विनंती.

माझं या योजनेशी नातं जुनं आहे ते पण सांगते. 15 ऑगस्ट 1995 ला योजना सुरू झाली तेव्हा शिजवून काही मिळत नव्हतं, हजेरी 80 टक्के भरली की महिन्याला 3 किलो तांदूळ घरी. मी दुसरीत होते. आईनं उशीचा अभ्रा धुऊन दिला होता तांदूळ आणायला आणि मी तो डोक्यावर घेऊन गावातनं मिरवत यायची. आमच्या घरी भात म्हणजे सणावारी, आम्ही मालदांडी ज्वारीची माणसं, तो 3 किलो तांदूळ सात माणसांत असा विरघळायचा की मला त्यातला किती मिळाला असेल देव जाणे. मग 28 नोव्हेंबर 2001 ला सुप्रीम कोर्टानं ऑर्डर काढली, प्राथमिक शाळेत शिजलेलं गरम जेवण द्या, सहा महिन्यांत सुरू करा. तोपर्यंत मी आठवीत. तेव्हा योजना पाचवीपर्यंतच होती, सहावी ते आठवी 2008 च्या आसपास आत आली. म्हणजे माझ्या वाट्याला कोरडा तांदूळ आला आणि गरम खिचडी धाकट्या भावाला. अजून चिडवतो मला.

हे जुनं पुराण एवढ्यासाठी की पोत्यातला तांदूळ आणि मुलाच्या पोटातलं जेवण यातला फरक ओळखायला सरकारला 6 वर्षं आणि कोर्टाची एक ऑर्डर लागली. आता पुन्हा तोच घोटाळा चाललाय, फक्त पोत्याच्या जागी पोर्टल आलंय.

रोज दुपारी हेडसर मोबाईलवर आकडा भरतात, आज किती मुलं हजर आणि किती मुलांनी आहार घेतला. तो आकडा वर जातो, तालुक्याला, जिल्ह्याला, तिथनं तुमच्याकडं. तुम्ही त्याला लाभार्थी म्हणता. आता मला सांगा, ज्या पोरानं ताट हातात घेतलं, दोन घास खाल्ले, मटकी बाजूला सारली आणि उरलेलं बादलीत ओतलं, तो लाभार्थी आहे का? पोर्टलवर आहे. आणि जी सातवीची मुलगी ताटच घेत नाही, घरनं चपातीचा डबा आणते कारण मैत्रिणी म्हणतात खिचडी काय खायची लहान पोरांसारखी, ती? खरं तर ती नाही. पण तांदळाचा साठा आणि खाणाऱ्यांचा आकडा जुळला पाहिजे, नाही जुळला तर खुलासा द्या, आणि खुलाशाला कुठला मास्तर घाबरत नाही हो? मी कुणावर आरोप करत नाही, आमचे सर सरळ माणूस आहेत. पण जिथं कमी आकडा भरला की नोटीस येते आणि पूर्ण आकडा भरला की कुणी काही विचारत नाही तिथं आकडा कुठल्या बाजूला झुकणार हे सांगायला कलेक्टर लागत नाही. मुलं का खात नाहीत हा प्रश्न टाकायला पोर्टलवर रकानाच नाही!

मी विचारलंय त्यांना, रकाना नसला तरी. उत्तरं ऐका. तिसरीतला एक, पातळ असली की आवडते घट्ट झाली की नाही. चौथीतली एक, वास येतो, म्हणजे तांदळाला, जुन्या पोत्याचा, आणि खरंच एखाद्या लॉटला येतो, शिजवणाऱ्या मावशी चार पाण्यांनी धुतात तरी येतो. सहावीतला एक लांब गडी, दोन ताटं खाल्ली तरी पुरत नाही. आणि सगळ्यात जास्त आलेलं उत्तर, रोज भातच. सोमवारी मसालेभात, मंगळवारी खिचडी, बुधवारी पुलाव, नावं वेगळी, ताटात तांदूळच. तुम्ही जून 2024 मध्ये 15 पदार्थांची यादी काढली, मोड आलेली कडधान्यं, तांदळाची खीर, नाचणीचं सत्त्व, शेवग्याचं वरण, वाचून मलाच भूक लागली होती. पण मटकीला मोड आणायला आदल्या दिवशी भिजवून फडक्यात बांधायला लागते, शनिवार-रविवार मध्ये आला की कोण बांधणार, आणि सत्त्वाला साखर लागते ती कुठनं. कागदावर एका ताटात तीन पदार्थ, हातात दोन मावशी, एक शेगडी. शेवटी जानेवारी 2025 मध्ये तुम्हीच यादी कमी केली आणि गोडाचं ऐच्छिक केलं. यादी छाटली त्याचं मला वाईट नाही वाटलं, खरंच जमत नव्हतं. वाईट पुढच्याचं वाटलं.

अंडं.

नोव्हेंबर 2023 मध्ये तुम्हीच जीआर काढला होता, आठवड्यातनं एक दिवस अंडं, जे खात नाहीत त्यांना केळं, एका अंड्याला 5 रुपये. आमच्या शाळेत बुधवार ठरला. साहेब, तो बुधवार तुम्ही बघायला पाहिजे होता. ऊसतोडीला गेलेल्यांची जी पोरं आजीजवळ राहतात आणि आठवड्यातनं दोन दिवस गुरांमागं असतात ती बुधवारी दप्तर घेऊन दारात. सातवीच्या ज्या पोरी ताट घेत नव्हत्या त्या ओळीत. एक पोरगा अंडं खिशात घालून चालला होता, सरांनी धरला, तर म्हणे घरी बहीण आहे लहान. (सरांनी ते त्याला तिथंच खायला लावलं, नियम आहे, आणि मग स्वतःच्या खिशातनं एक विकत घेऊन दिलं, हे सर वाचत असतील तर माफ करा पण सांगितलं मी.) केळं घेणारी मुलं केळं घेत होती आणि अंडं घेणारी अंडं, शेजारी शेजारी मांडी घालून, कुणाचा धर्म बुडालेला मला तरी दिसला नाही. आणि अंड्यात चोरी करता येत नाही. डाळ पातळ करता येते, तेल कमी घालता येतं, अंडं अर्धं करून वाढलं तर पहिलीतलं पोरगंसुद्धा ओरडतं.

मग जानेवारी 2025 मध्ये अंड्याचे आणि साखरेचे पैसे बंद झाले. द्यायचं असेल तर लोकसहभागातनं द्या म्हणालात. बातम्यांत आकडा आला 50 कोटींचा, एवढे वाचले म्हणे. 50 कोटी म्हणजे 5 रुपयाच्या भावानं 10 कोटी अंडी. आणि ज्या राज्याचं बजेट 7 लाख कोटींचं आहे त्याला 50 कोटी म्हणजे लाख रुपयातले 7 रुपये. लाख रुपये घेऊन बाजारात गेलेला माणूस 7 रुपये वाचवायला पोराच्या ताटातलं अंडं उचलतो का हो?

लोकसहभाग हा शब्द ज्यानं शोधला त्यानं आमच्या गावात येऊन वर्गणी मागून दाखवावी. अहो वर्गणी देणारं घर ते, ज्याचं पोरगं आता इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमधनं जातं. झेडपीच्या शाळेत उरलीत ती ज्यांना बसचं भाडं परवडत नाही त्यांची. म्हणजे ज्याच्या पोराला अंडं पाहिजे त्यानंच वर्गणी काढायची, तर मग तो घरीच नाही का उकडणार. आम्ही प्रयत्न केला. वाढदिवसाला शाळेत जेवण द्या म्हणून फळ्यावर लिहिलं. दोघातिघांनी दिलं, मनापासून दिलं, एकानं जिलबी वाटली, एकानं वडापाव. पोरं खुश. पण त्यात 12 ग्रॅम प्रोटीन कुठं शोधायचं. ज्यांच्याकडं उसाचं बिल आलं ते देतात, ज्या साली दुष्काळ त्या साली कुणीच देत नाही, आणि अंडं तर दुष्काळातच जास्त लागतं.

शेजारी कर्नाटकात जाऊन बघा, आमच्याकडनं विजापूर काही लांब नाही. तिथं सरकार आठवड्याला 2 दिवस अंडी देतच होतं, 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशननं उरलेल्या 4 दिवसांसाठी 3 वर्षांचे 1500 कोटी देऊ केले, आता आठवड्याला 6 दिवस अंडं, नको त्याला केळं. सरकारनं आधी स्वतःचे पैसे टाकले मग देणगीदार आला, हा क्रम ध्यानात घ्या. तामिळनाडूचं तर सांगायलाच नको, मुख्यमंत्री कामराजांनी 1956 मध्ये सुरू केलं, मुख्यमंत्री एमजीआरनी 1982 मध्ये वाढवलं, 1989 पासून अंडं आलं, आणि 2022 पासून प्राथमिकच्या मुलांना सकाळचा नाश्तापण. तिथं पक्ष बदलतो, ताट नाही बदलत. आपल्याकडं एका जीआरनं येतं आणि दुसऱ्या जीआरनं जातं.

आता मावशींचं. दोघी आहेत. सकाळी साडेनऊला येतात, तांदूळ निवडणं, धुणं, भाजी चिरणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं, ओटा पुसणं, दोन-अडीच वाजतात. मानधन 2500 रुपये महिना, ते पण वर्षातले 10 महिने, कारण उन्हाळ्यात त्यांना भूक लागत नसावी. यात केंद्राचा जो 1000 रुपयांचा दर आहे तो 2009 पासून तसाच आहे, त्यातही केंद्र स्वतः 600 च देतं, बाकीचं राज्यानं वाढवलंय, ते मान्य करते, श्रेय द्यायला पाहिजे. पण महिन्याचे 22 दिवस धरले तर दिवसाला 113 रुपये होतात. रोजगार हमीवर 2025-26 चा दर 312 होता. खड्डा खणायला 312 आणि 92 पोरांचं जेवण करायला 113. त्यातली एक मावशी मला म्हणाली, ताई मी खुरपायला गेले तर जास्त मिळतं पण इथं पोरं मावशी मावशी करतात. आता या वाक्यावर सरकारची योजना चाललीय हे बरोबर नाही ना. आणि तेही दर महिन्याला वेळेवर येत नाहीत, दिवाळीला आले तर नशीब.

तीच गत इंधन-भाजीपाल्याच्या पैशाची. डाळ, तेल, मसाला पुरवठादाराकडनं येतो पण गॅस आणि भाजी शाळेनं घ्यायची आणि बिल नंतर मिळणार. नंतर म्हणजे कधी, तर महिने. तोवर हेडसरांची किराणा दुकानात उधारी, भाजीवालीकडं उधारी. भाजीवाली आमच्याच आळीतली, ती आता सरांना बघितलं की म्हणते, गुरुजी, आज वांगी नाहीत. वांगी असतात. मग त्या दिवशी खिचडीत भाजी म्हणजे दोन बटाटे आणि देवाचं नाव. तुमच्या 50 ग्रॅम भाजीचा जीआर इथं येऊन असा संपतो. पुरवठादाराला थांबवता येत नाही कारण तो मोठा आहे, भाजीवालीला थांबवता येतं. ॲडव्हान्स द्या ना, तिमाहीचा तरी. शाळेचं खातं आहे, ऑडिट आहे, आम्ही समितीत बसलोय सही करायला.

मला कुणी म्हणेल, बाई, एवढ्याशा खिचडीनं काय होणार. 2021 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये भारतातल्याच या योजनेवर अभ्यास आलाय, ज्या मुलींना लहानपणी शाळेत जेवण मिळालं त्यांची पुढं झालेली मुलं उंचीला बरी निघाली, खुजी कमी राहिली. म्हणजे आज माझ्या सहावीतल्या मुलीच्या ताटात जे पडतं ते माझ्या नातवंडांच्या हाडात जाणार आहे. हे वाचलं त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले, मटकी बाजूला सारायची नाही म्हणून. ती म्हणाली, तू खाऊन बघ. मी म्हटलं, मी रोज खातेय गं बाई.

आणि आठवीनंतर? नववीत गेलं की योजना संपते. आमच्या गावातनं नववीला पोरी 4 किलोमीटर सायकलनं जातात, सकाळी चहा-चपाती खाऊन, पाचला परत. त्यांच्यासाठी 10 रुपयेपण नाहीत. याच्यावर वेगळं पत्र लिहीन.

2025-26 पर्यंतचेच आकडे ठरलेले होते, म्हणजे पुढचे दर ठरवणाऱ्या मीटिंगा हल्लीच कुठंतरी झाल्या असतील नाहीतर होतील. तिथं कुणीतरी लॅपटॉपवर लाभार्थ्यांचा आकडा दाखवेल, इतके लाख, इतके टक्के, हिरव्या रंगात. त्या वेळी एकानं तरी विचारावं की ताटात उरलं किती. फार काही लागत नाही, आमच्या शाळेत उरलेलं एका निळ्या बादलीत पडतं आणि ती बादली एका शेजाऱ्याच्या म्हशीला जाते. बादली किती भरली एवढं जरी रोज लिहिलं तरी कुठल्या दिवशी काय शिजलं होतं ते न सांगता ओळखता येईल. बुधवारी अंडं होतं तेव्हा म्हैस उपाशी असायची.

तुमच्यापैकी कुणी आमच्याकडं यायचं ठरवलं तर कृपा करून आधी फोन करू नका. फोन आला की त्या दिवशी भाजी दुप्पट पडते, पोरांना नवी ताटं निघतात आणि मी पण साडी बदलून येते. कुठल्याही गुरुवारी साडेबाराला या, गुरुवार सगळ्यात वाईट असतो. ओळीत बसा, पोरांबरोबर, खाली. पूर्ण ताट संपवा. चव रजिस्टरमध्ये माझ्या सहीच्या खाली जागा रिकामी आहे, तिथं काय वाटलं ते तुमच्या अक्षरात लिहा.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीतली एक आई